जोखमीचे दिवस: होणाऱ्या बापासाठी कानमंत्र

कार्डावर लाल स्टिकर लागलं म्हणून हातपाय गाळून बसू नकोस. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. 2016 पासून चाललेल्या या अभियानात गरोदर बाईच्या कार्डाला रंगीत स्टिकर लावतात. हिरवं म्हणजे सध्या काळजीचं कारण नाही, निळं म्हणजे गरोदरपणातलं बीपी, पिवळं म्हणजे शुगर किंवा थायरॉइडसारखं काही सोबत आहे, आणि लाल म्हणजे जोखीम मोठी. हे स्टिकर दवाखान्यातल्या माणसांसाठी असतं: हिच्याकडे आधी बघा, हिला रांगेत ताटकळत ठेवू नका. खासगी डॉक्टर स्टिकर लावत नाहीत, फाईलवर 'हाय रिस्क' लिहितात. अर्थ तोच.

माझी उभी हयात जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या लेबर वॉर्डात गेली. बाहेरच्या बाकावर बसलेले नवरे पाहत पाहतच मी निवृत्त झाले. बायकोसाठी काहीतरी करावं असं बहुतेकांच्या मनात असतं, पण नेमकं काय करायचं ते त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं. आपल्याकडे बाळंतपण म्हणजे बायकांचं खातं. पुरुषाने पैसे आणायचे आणि गाडी काढायची. जोखमीच्या दिवसांत तेवढ्याने भागत नाही. तिच्या शरीराचा त्रास तुला वाटून घेता येणार नाही, तिच्या पोटातली भीतीही नाही. पण तिच्या डोक्यावरची बाकीची सगळी ओझी तुला उतरवून घेता येतात. खाली सांगते ते त्याबद्दलच आहे.

तिला नेमकं काय झालंय, ते तोंडपाठ कर

'जरा कॉम्प्लिकेशन आहे' एवढं सांगणारा नवरा मला कधीच पसंत पडला नाही. बीपी आहे, शुगर आहे, रक्त कमी आहे, वार खाली आहे, जुळी आहेत, गर्भपिशवीचं तोंड लहान झालंय, आधीचं सिझर आहे की रक्तगट निगेटिव्ह आहे? प्रत्येकाची काळजी वेगळी, औषध वेगळं, धोक्याची खूणही वेगळी. हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, आणि 7 च्या खाली गेलं तर प्रकरण गंभीर होतं. रक्तगट निगेटिव्ह असेल आणि तुझा पॉझिटिव्ह, तर साधारण 28 व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा एक. हे तुला ठाऊक असलं पाहिजे.

तपासणीला जाताना प्रश्न कागदावर लिहून ने. डॉक्टरांपुढे बसलं की चांगल्या शिकलेल्या माणसालाही काही आठवत नाही. तीन प्रश्न दर वेळी विचारायचे: आजच्या तपासणीत काय बदललं, पुढच्या भेटीपर्यंत कशावर नजर ठेवायची, आणि काय दिसलं तर रात्रीबेरात्रीसुद्धा निघायचं. उत्तरं तिथल्या तिथे लिहून घे. रिपोर्ट तारखेवार एकाच फाईलमध्ये लाव, सगळ्यात नवा वर, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव.

एक पथ्य पाळ. इंटरनेटवर रात्री दोन वाजता जे वाचलंस ते सकाळी चहाबरोबर तिला वाढू नकोस. शंका आली तर कागदावर लिही आणि डॉक्टरांना विचार.

बीपी तू मोज, वही तू ठेव

बीपीची तक्रार असेल तर डॉक्टर घरी मशीन ठेवायला सांगतात. ते काम पूर्णपणे तुझं. तिने स्वतः मोजलं की आकडा बघायच्या आधीच छातीत धडधडतं, आणि आकडा वर जातो.

मोजायची रीत नीट शिकून घे. आधी तिला लघवीला जाऊन येऊ दे. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसू दे. हात टेबलावर किंवा उशीवर, पट्टा छातीच्या उंचीला, आणि पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, ब्लाउजच्या बाहीवर नाही. मोजताना दोघांनीही बोलायचं नाही, टीव्ही बंद. एकदा मोजून झालं की मिनिटभर थांबून पुन्हा मोज आणि दोन्ही आकडे तारीख-वेळ घालून लिही. 140/90 किंवा त्याच्या वर गेलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळव. 160/110 ला पोचलं तर फोनवर बोलत बसू नकोस, गाडी काढ.

आकडा जास्त आला की तुझा चेहरा ती वाचते, हे विसरू नकोस. 'किती आलं?' असं तिने विचारलं तर खरं सांग. लपवलंस तर पुढच्या वेळी चांगल्या आकड्यावरही तिचा विश्वास बसणार नाही.

शुगर असेल तर ग्लुकोमीटरचीही हीच वही. उपाशीपोटी साधारण 95 च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. तिच्यासाठी डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते खरं. एक मात्र कर: तिला भात मोजून वाढायचा आणि आपण समोर बसून आमरस ओरपायचा, असं करू नकोस. घरात एकच स्वयंपाक होऊ दे. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. तुझ्याही पोटाला ते बरंच आहे. आणि 'गूळ चालतो गं, साखर नको' असं सांगणारी एक तरी मावशी भेटेलच. गुळानेही शुगर वाढते.

लोहाच्या गोळ्यांचं गणित लक्षात ठेव. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी द्यायची नाही, मध्ये काही तास जाऊ द्यायचे. लोहाच्या गोळीबरोबर लिंबूपाणी चांगलं, चहा वाईट. गोळीने शौचाला काळं होतं. त्याला घाबरून ती गोळी बंद करेल, तसं होऊ देऊ नकोस.

'आराम' म्हणजे किती, ते विचारून घे

डॉक्टर म्हणतात 'आराम करा', आणि घरोघर त्याचा वेगळा अर्थ निघतो. एका घरात बाईला महिनोन्महिने गादीवरून उठू देत नाहीत. दुसऱ्या घरात 'आरामच तर करतेय' म्हणत ती दोन वेळचा स्वयंपाक करत असते. दोन्ही चूक. सगळ्याच जोखमीत पूर्ण झोपून राहण्याने फायदा होतो असं नाही. उलट फार पडून राहिलं तर पायातल्या शिरांत रक्त गोठायचा धोका वाढतो. म्हणून स्पष्ट विचार: जिना चढायचा का? स्वतः आंघोळ? ओट्याशी किती वेळ उभं राहायचं? बसून ऑफिसचं काम चालेल का? दुचाकी? प्रवास? आणि नवरा-बायकोच्या जवळिकीचं काय?

हा शेवटचा प्रश्न लाजून टाळू नकोस. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल तर डॉक्टर मनाई करतात. मनाई असेल तर ती हसतमुखाने पाळ. तोंड पाडून फिरलास की तिच्या डोक्यावर आणखी एका अपराधाचं ओझं चढतं. पाय चेपून दे, केस विंचरून दे, शेजारी बस. स्पर्शाला कुणी मनाई केलेली नाही.

घरकामाचं म्हणशील तर 'काय करू सांग' असं तिला विचारू नकोस. काय करायचं ते ठरवणं, आठवण ठेवणं, करवून घेणं हेही कामच आहे, आणि ते सगळ्यात थकवणारं. एका रविवारी बसून घर कसं चालतं ते लिहून काढ: दूध, गॅस, भाजी, कपडे, मोठ्या मुलाची शाळेची वही, सासूबाईंच्या गोळ्या, कामवाल्या ताईंचा पगार. त्यातलं काय तू करणार आणि काय पैसे देऊन करून घेणार ते ठरव, आणि मग त्याबद्दल तिला विचारायचंच नाही. वरणाला फोडणी तिच्यासारखी होणार नाही. न होऊ दे.

दारात तू उभा राहा

जोखमीच्या दिवसांत बाईला आजारापेक्षा माणसांचा ताप जास्त होतो, हे मी वॉर्डात रोज पाहिलं. भेटायला येणाऱ्या चार बायकांपैकी एखादी तरी 'आमच्या नणंदेचं असंच झालं होतं' म्हणून सुरू करते आणि शेवट वाईट सांगते. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं ग्रहणात बाहेर पडली असेल. कुणी म्हणतं आमच्या वेळी नव्हतं हे बीपी-बिपी. तिने आल्यागेल्याला हसून उत्तर द्यायचं आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडायचं, हे तू थांबवायचं आहेस.

नातेवाइकांच्या ग्रुपवर खबर द्यायचं काम तू घे. दर सोनोग्राफीनंतर फोन तुझ्याकडे येऊ देत. भेटायला कुणी कधी यायचं ते तू ठरव, आणि न आवडणारी गोष्ट सुरू झाली की विषय तोडायची जबाबदारीही तुझी. तुझ्या आईला जे सांगायचं ते तूच सांग. सुनेने सांगितलं तर भांडण होतं, मुलाने सांगितलं तर थोडा रुसवा होतो. तेवढा सोस.

उपासाचं आधी मिटव. शुगरच्या बाईने साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढायचा, बीपीच्या बाईने हरतालिकेला पाण्याशिवाय राहायचं, हे नको. 'डॉक्टरांनी बंद केलंय' हे तुझ्या तोंडून एकदा ठणकावून गेलं की पुन्हा कुणी विचारत नाही. फार वाटलंच तर तिच्या वाटणीचा उपास तू कर.

डोहाळजेवणाची हौस असेल तर घरच्या घरी, खुर्चीवर बसवून, अर्ध्या तासात ओटी भरा. हॉल, स्टेज, फोटोग्राफर आणि दोनशे माणसं यांत ती चार तास उभी राहील आणि संध्याकाळी पाय सुजलेले असतील. तिचं मन मात्र विचार. कुणाला वाटतं, बाळ हातात येईपर्यंत काहीच नको. कुणाला वाटतं, इतकी भीती सोसली, निदान हिरव्या बांगड्या तरी भराव्यात. दोन्ही मान्य कर.

माहेरी जायचा प्रश्न सगळ्यात नाजूक. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत, आणि आईजवळ असावं असं तिला वाटणारच. पण माहेर दूरच्या गावी असेल, जवळ सिझरची, रक्ताची आणि बाळाच्या काचेच्या पेटीची सोय नसेल, तर तिची तपासणी ज्यांच्याकडे चालू आहे तिथेच बाळंतपण झालेलं बरं. अशा वेळी तिच्या आईला इकडे बोलाव. जावयाने स्वतः फोन करून 'आई, तुम्ही या, तुमच्याशिवाय आमचं निभायचं नाही' म्हणायचं असतं. सासरी येऊन राहायचा संकोच मोडायला तेवढं पुरतं.

'काही होत नाही' म्हणू नकोस

ती म्हणते, 'मला भीती वाटते.' तू म्हणतोस, 'काही होत नाही गं, उगाच विचार करतेस.' तुला वाटतं धीर दिला. तिला वाटतं, याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी ती बोलत नाही, आणि तू समजतोस की आता ती सावरली.

भीती खरी आहे, कारण धोका खरा आहे. आधी ऐकून घे. 'कशाची वाटते?' एवढंच विचार आणि गप्प राहा. कुणाला बाळाची, कुणाला स्वतःच्या मरणाची, कुणाला सिझरची, कुणाला पैशांची. मोठ्या मुलाकडे कोण बघेल हीच एकीची भीती असायची. ती बोलली की कशावर उपाय आहे ते कळतं. पैशाची भीती असेल तर हिशेब मांडून दाखव. सिझरची असेल तर पुढच्या भेटीत दोघं मिळून भूलतज्ज्ञांना विचारा. ज्यावर उपाय नाही तिथे 'मलाही वाटते. पण आपण दोघं आहोत' एवढंच खरं आहे, तेवढंच बोल.

तिच्या मनात आणखी एक गोष्ट घर करून असते, ती सहसा ओठांवर येत नाही: माझ्यामुळेच झालं. मी ते जड पातेलं उचललं, मी उशिरापर्यंत काम केलं, मी पपई खाल्ली. बीपी, शुगर, वार खाली असणं ही कुणा बाईने ओढवून घेतलेली दुखणी नव्हेत. हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकव, आणि तू स्वतः एकदा नव्हे, पुन्हापुन्हा सांग. 'तू नीट खाल्लं असतंस तर' असं वाक्य भांडणातसुद्धा तोंडातून जाऊ देऊ नकोस. असलं वाक्य बाई म्हातारपणापर्यंत विसरत नाही.

आधी गर्भपात झाला असेल, बाळ गेलं असेल, तर त्या आठवड्याच्या आसपास ती कासावीस होते. तो आठवडा तुलाही आठवतो हे तिला कळू दे. त्या दिवसांत शक्य असेल तर घरी लवकर ये. डॉक्टरांना सांगून एखादी तपासणी त्या सुमाराला ठेवता येते. बाळाचे ठोके ऐकले की श्वास खाली बसतो.

उदासी आणि आजार यांतला फरक ओळख

रडू येणं, चिडचिड, झोप उडणं हे या दिवसांत होतं. पण दोन आठवडे ओलांडले तरी ती उदासच आहे, कशात मन लागत नाही, जेवत नाही, बाळाबद्दल एक शब्द बोलत नाही, किंवा 'मी नसले तरी चालेल' असं म्हणते, तर त्याला डोहाळे म्हणू नका. गरोदरपणातही डिप्रेशन येतं, बाळंतपणानंतरच येतं असं नाही. डॉक्टरांकडे दहा प्रश्नांची एक चाचणी असते, एडिनबर्ग स्केल म्हणतात तिला. 1987 सालची आहे, बाळंतिणींसाठी केली गेली, पण गरोदरपणातही वापरतात. तपासणीला गेलात की 'मनाचंही बघा' असं तू सांग. गरोदरपणात चालणारी औषधं असतात, समुपदेशन असतं. आधीपासून चालू असलेली मनाची औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत.

टेली मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, 2022 साली सुरू झालेली, नंबर 14416. रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा तिच्या तोंडी आली तर तिला एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी दवाखान्यात ने.

रात्री निघायची तयारी दुपारी कर

धोक्याच्या खुणा कागदावर लिहून फ्रिजवर लाव, घरातल्या सगळ्यांना दिसतील अशा:

- रक्त जाणं, थोडंसं असो, दुखत नसलं तरी
- अंगावरून पाणी जाणं
- डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं
- बरगड्यांखाली, विशेषतः उजवीकडे, दुखणं
- चेहरा आणि हात एकाएकी सुजणं
- दिवस भरण्याआधीच पोट पुन्हापुन्हा कडक होणं, कंबरेत कळा
- ताप, धाप लागणं, झटका येणं
- एकाच पोटरीला सूज आणि दुखणं
- बाळाची हालचाल कमी होणं

हालचालीचं सविस्तर सांगते. साधारण 28 व्या आठवड्यानंतर डॉक्टर मोजायला सांगतात. जेवण झाल्यावर तिला कुशीवर पडू दे, हात पोटावर, आणि दोघं मिळून मोजा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. बहुतेकदा त्याच्या कितीतरी आधी होतात. कमी वाटल्या, नेहमीपेक्षा वेगळ्या वाटल्या, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री उठवलं म्हणून कुठलीही सिस्टर रागावत नाही. रागावली तरी सोस. आणि हे मोजणं दिवसातला चांगला अर्धा तास होऊ शकतो. पहिली लाथ तुझ्या तळहाताला लागते तेव्हा बीपीच्या वहीत न मावणारं काहीतरी घडतं.

पिशवी भरून दाराजवळ ठेव: फाईल, आधार, रक्तगटाचा कागद, तिचे सैल कपडे, बाळाची दुपटी, चार्जर, थोडी रोख रक्कम. महाराष्ट्रात 108 ही तातडीची रुग्णवाहिका आहे आणि 102 गरोदर मातांसाठी; दोन्ही नंबर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्येही घालून ठेव. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, म्हणजे 2011 पासून, बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. रस्ता एकदा दिवसा आणि एकदा रात्री जाऊन बघ, कुठल्या फाटकातून आत शिरायचं ते विचारून ठेव. वार खाली असेल किंवा रक्त कमी असेल तर रक्त देऊ शकणारे दोघे-तिघे मित्र आधीच सांगून ठेव.

रजा उधळू नकोस. तिला कायद्याने पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवड्यांची रजा आहे, त्यातले 8 आठवडे आधी घेता येतात. गरोदरपणामुळे आजारपण आलं तर आणखी महिनाभराची तरतूद आहे. तुला मात्र, केंद्र सरकारचा नोकर असशील तर 15 दिवस, खासगीत मालकाच्या मर्जीवर. सगळी रजा अॅडमिट होण्याच्या काळात संपवलीस तर बाळ घरी येईल तेव्हा हातात काही उरणार नाही. ऑफिसात साहेबाला आत्ताच स्पष्ट सांगून ठेव. अडचण आधी सांगितलेल्या माणसाला लोक सांभाळून घेतात.

वॉर्डातले दिवस

तिला आधीच भरती करून ठेवलं तर तो काळ फार लांबतो. खाटेवर पडून छताचा पंखा मोजायचा, शेजारच्या खाटेवरची बाळंत होऊन जाते, नवी येते, आपण तिथेच.

आमच्या वॉर्डात वार खाली असलेली एक बाई बरेच दिवस होती. तिचा नवरा एसटीत कंडक्टर. ड्यूटी संपली की खाकी शर्टातच यायचा, हात धुवायचा, पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढायचा आणि तिच्या केसांना तेल लावून वेणी घालायचा. वेणी वाकडी यायची, शेजारच्या बायका हसायच्या, तीही हसायची. तेवढ्यात तो दिवसभराचं सांगायचा: कोणत्या थांब्यावर म्हातारी सुट्ट्या पैशांवरून भांडली, कोण कोंबडी घेऊन चढला. आजाराचा विषय तो काढायचाच नाही; तिने काढला तर ऐकायचा. बाकावर बसून मोबाइल खाजवणाऱ्या नवऱ्यांना मी त्याच्याकडे बोट दाखवायचे.

वॉर्डात काय काय होईल ते आधी सांगून ठेव, म्हणजे ती दचकणार नाही. बाळ लवकर येईल असं वाटलं की बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देतात. ती दिली म्हणजे आशा सुटली असं नव्हे, ती बाळाला बळ देण्यासाठीच असतात. बीपी फार वाढलं तर झटका येऊ नये म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात. त्याने अंगाची आग आग होते, तोंड लाल होतं. त्या वेळी शेजारी राहा, ओल्या फडक्याने कपाळ पुसून दे. कळा सुरू झाल्यावर आत कुणी सोबत असावं हे सरकारनेही 2016 साली मान्य केलंय. बाईची आई, बहीण असू शकते. आडोशाची नीट सोय असेल तिथे नवराही. तुला जमणार असेल तर आधी विचारून ठेव. रक्त बघून चक्कर येत असेल तर तिच्या आईला पाठव आणि तू दाराशी थांब.

बाळ आल्यावर हुश्श करू नकोस

37 आठवड्यांच्या आत आलेलं बाळ कधी कधी काचेच्या पेटीत ठेवतात. ती वर टाक्यांनी जखडलेली, बाळ खाली नळ्यांत. तेव्हा निरोप्या तू. बाळाचा फोटो काढून तिला दाखव (आधी परवानगी घे), वजन सांग, किती मिली दूध पचलं ते सांग. दूध अजून नीट येत नसेल तर तिला घालूनपाडून बोलू देऊ नकोस कुणाला. अशा बाळांसाठीच तर मातृदुग्धपेढ्या असतात. आशियातली पहिली पेढी आपल्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली सुरू केली.

कांगारू पद्धत बापालाही जमते. शर्ट काढून बाळाला उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण. आईला उठता येत नसेल तेव्हा हे काम तुझं.

आणि तिच्याकडे बघणं थांबवू नकोस. बीपी बाळंतपणानंतरही वाढू शकतं; डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर 'बाळंतिणीला होतंच' म्हणून अंगावर काढायचं नाही. शुगर झालेल्या बाईची दीड महिन्याने पुन्हा तपासणी करायची असते, ती बारशाच्या गडबडीत राहून जाते. ती तारीख तुझ्या फोनमध्ये घाल.

सगळं करूनही कधी कधी बाळ हाती लागत नाही. मी ते पाहिलंय, म्हणून सांगते. तेव्हा 'अजून वय गेलं नाही, दुसरं होईल' असं तू म्हणायचं नाहीस आणि कुणाला म्हणू द्यायचं नाहीस. तिला बाळ बघायचं, जवळ घ्यायचं असेल तर घेऊ दे. बाळाच्या गोष्टी लपवून ठेवू नका. दुःख दोघांचं आहे, ते दोघांनी एकत्र करा.

तुझंही कुणीतरी बघायला हवं

पुरुष भीती कामात लपवतो, नाहीतर पेल्यात. पेला या दिवसांत बंद. रात्री गाडी कोण चालवणार? झोप मोडली असेल, छातीत धडधडत असेल, सारखा राग येत असेल तर तो तुझ्या मनाचा ताण आहे. एक मित्र, मोठा भाऊ, कुणीतरी एक धर, ज्याच्यापुढे मोकळेपणी बोलता येईल. तिच्यापुढे डोळे भरून आले तर येऊ देत, पण तुला सावरायचं काम तिच्यावर टाकू नकोस. 14416 हा नंबर तुझ्यासाठीही आहे. दोन वेळ जेव. आठवड्यातली एक संध्याकाळ तिच्या बहिणीला नाहीतर तुझ्या भावाला घरी थांबायला सांग आणि तासभर पायी फिरून ये.

औषध डॉक्टर देतील, टाके तेच घालतील, आणि बाळ कधी काढायचं तेही तेच ठरवतील. बाकी दिवसभर आणि रात्रभर घरात तू असतोस. आज घरी गेलास की दोन कामं कर: वहीचं पहिलं पान आखून घे, आणि तिला विचार, 'कशाची भीती वाटते?' मग मधे न बोलता ऐक.